समोर बसलेले माणूस

शाळा सुरू झाली की वह्या-पुस्तकांची यादी घरी येते. त्या यादीत गणिताची वही, भूगोलाची वही, कंपासपेटी यांना आधी पैसे मिळतात. चित्रकलेची वही शेवटी. उरले तर घ्यायची, नाहीतर "बाईंना सांग, पुढच्या महिन्यात आणते." आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत हे असेच चालते आणि त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. ज्या घरात वीस तारखेलाच डब्याचा तळ दिसू लागतो, त्या घरात रंगपेटी मागे पडणारच. पण त्यामुळे झाले काय, की चित्र काढणे हे पोट भरलेल्यांचे काम, असा एक समज आपल्या मनात घट्ट बसून गेला. वाचकहो, त्या समजाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

गेली दोन वर्षे महिन्यातले दोन रविवार मी सकाळी खांद्याला पिशवी लावून बाहेर पडतो. पिशवीत एक पाट, कागद आणि कोळशाच्या कांड्या असतात. चाळीतले लोक आधी विचारायचे, "साहेब, मीटिंग का?" आता विचारीत नाहीत. आमच्या उपनगरात एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर दहा-पंधरा माणसे जमतात आणि एक माणूस समोर बसवून त्याचे चित्र काढतात. याला लाइफ ड्रॉइंग म्हणतात. इथे प्रवेश अर्ज नाही, सर नाहीत, परीक्षा नाही, नंबर नाही. वर्गणी द्यायची, खुर्ची ओढायची आणि काढायला लागायचे. कोणी नियमित येतो, कोणी चार महिन्यांनी उगवतो. एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, नर्सिंगला असलेली एक मुलगी आहे, बँकेतल्या एक बाई आहेत आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांचा धंदा बसला, पण त्यांच्या हातातली रेघ अजून थरथरत नाही.

समोर बसायला बहुधा एक मावशी असतात. वय साठीच्या आसपास. आयुष्यभर बाजारात झाडलोट केली, आता ऑर्डरीच्या भाकऱ्या करतात. आपल्या रोजच्या साडीतच बसतात. पहिल्या पाच बैठका एकेक मिनिटाच्या. मावशी उभ्या राहतात, वाकतात, टोपली उचलल्यासारखा हात करतात. एका मिनिटात नाक-डोळे काढायला वेळच नसतो, त्यामुळे शरीर कुठे झुकले आहे, भार कुठे आहे, एवढेच पकडायचे. मग दोन-दोन मिनिटांच्या, मग दहा-दहा मिनिटांच्या आणि चहानंतर वीस-वीस मिनिटांच्या. वीस मिनिटे न हलता बसून पाहा म्हणजे कळेल. सातव्या मिनिटाला मान भरून येते, बाराव्याला पायाला मुंग्या येतात. बसणे हे काम आहे आणि अंगमेहनतीचे काम आहे.

आता आपल्या आयाबहिणींच्या मनातला प्रश्न. "तिथे म्हणे बायका उघड्या बसवतात?" आमच्या माडीवर सगळे अंगभर कपड्यांत असते. पण कलाशाळांतून विवस्त्र मॉडेलवरूनही अभ्यास होतो, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. डॉक्टरकीचा विद्यार्थी शरीर शिकतो, तसाच चित्रकारही हाडे, स्नायू आणि तोल शिकतो. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाले. तिथे बराच काळ प्लास्टरच्या पुतळ्यांवरून चित्रे गिरवून घेत. जिवंत माणूस समोर बसवून शिकवण्याचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या सुमारास सुरू झाला.

कोणाला वर्गात बसू द्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हा प्रश्न तिकडे विलायतेतही होता. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापक सभासदांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन चित्रकार स्त्रिया होत्या. पुढे १७७१-७२ मध्ये योहान झोफनी या चित्रकाराने सभासद मॉडेलच्या खोलीत जमले आहेत असे एक मोठे चित्र काढले. त्यात पुरुष सगळे जागच्या जागी उभे-बसलेले आहेत. या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत! सभासद खऱ्या, पण त्या खोलीत पाऊल ठेवायची मुभा नाही. पुढे १८६० मध्ये लॉरा हरफर्ड या बाईंनी अकादमीच्या शाळेत प्रवेशासाठी चित्र पाठवले ते नावाचे फक्त आद्याक्षर लिहून. पुरुष समजून प्रवेश मिळाला आणि मग दार बंद करणे अवघड झाले. तरीही स्त्रियांना मॉडेलवरून शिकायला मिळाले ते १८९३ मध्ये आणि तेही मॉडेलचे अंग काही प्रमाणात झाकून. नावावरून माणसाला आत घ्यायचे की नाही हे ठरवण्याची रीत कशी असते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आणि समोर बसणारी बाई? तिचा विचार त्याहून उशिरा झाला. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट २०१८ मध्ये आला. मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ती गोष्ट. २०१७ च्या गोव्यातील चित्रपट महोत्सवासाठी निवड समितीने तो निवडला होता, पण मंत्रालयाने यादीतून वगळला. ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल की त्यात उघडेपणाहून गरिबीची आणि इभ्रतीची गोष्ट जास्त आहे. बाई स्वच्छ मेहनतीचे काम करते आणि घरी सांगू शकत नाही.

आता मी तिथे काय शिकलो ते सांगतो. मी बी. कॉम. झालेला कारकून. दिवसभर बिले आणि लेजर. तरी माणसाचे शरीर मला ताळेबंदासारखेच दिसते. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर जाते. मग त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. शेवटी दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, नाहीतर माणूस पडेल. मानेच्या खळगीतून ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ खाली कल्पावी. एका पायावर उभ्या माणसाची ती रेघ भाराच्या पायाजवळ येते. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे एका वाक्यात पटेल.

मापाचीही युक्ती आहे. हात पूर्ण ताणून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याच्या डोक्याची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर मोजायची. मोठ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी भरते. एक वर्षाचे मूल चारच डोक्यांचे असते, म्हणून ते डोक्याने मोठे दिसते. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते कपाळात चढवतात, कारण केसांखालचा भाग मोजायचा राहून जातो. हाताचा पंजा हनुवटीपासून जवळजवळ केसांच्या रेघेपर्यंत पोहोचतो. विश्वास नसेल तर आत्ता आपलाच हात चेहऱ्यावर ठेवून पाहा. आणखी एक: हात कमरेवर असेल तर हात काढू नका, हात आणि कंबर यांच्यामधली रिकामी जागा काढा. ती त्रिकोणी जागा बरोबर आली की हात आपोआप बरोबर येतो.

सामानाचे म्हणाल, तर इथेच लोक घाबरतात. दुकानाच्या काचेतले सामान पाहून खिशाला हात जातो आणि तसाच परत येतो. तेव्हा मी हिशेब मांडून पाहिला की घरात काय आहे.

पहिला कोळसा. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की विलो झाडाच्या काड्या मडक्यात बंद करून, मातीने तोंड लिंपून, रात्रभर भट्टीत ठेवाव्यात. मी गावी गेलो तेव्हा पत्र्याच्या डब्यात बोटाएवढ्या सुक्या काड्या भरल्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले आणि डबा चुलीत ठेवला. भोकातून धूर येतो तोवर आत काम चालू आहे. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. गरम उघडला तर हवा लागून काड्या पेट घेतात आणि राख होते. हे काम उघड्या अंगणात, मोठ्या माणसानेच करावे. वेगवेगळ्या झाडांच्या काड्या वेगळी रेघ देतात. काही करकरीत, काही लोण्यासारख्या.

दुसरी गेरू. युरोपातले मोठमोठे चित्रकार, लिओनार्दो आणि मायकेलएंजेलो, ज्या लाल खडूने माणसे काढीत, त्याचा लाल रंग लोहाचा. आपल्या गेरूचा रंगही तोच. गेरूचा खडा थेट कागदावर चालतो, पूड डिंकाच्या पाण्यात कालवली तर कुंचल्यानेही लागते. कातडीची ऊब कोळशात येत नाही, ती गेरूत येते.

तिसरा कागद. मुलांच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद. त्याची चकचकीत बाजू सोडून खरखरीत बाजू घ्यावी. मधला रंग कागदाचाच असतो, म्हणून सावलीला कोळसा, अंगाला गेरू आणि उजेड पडतो तिथे फळ्याचा पांढरा खडू, एवढ्यात माणूस उभा राहतो. काळा, लाल आणि पांढरा अशा तीन खडूंची ही पद्धत फ्रान्सच्या वातो या चित्रकाराने, तीनशे वर्षांपूर्वी, फार नावारूपाला आणली. सरावासाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद स्वस्त पडतो, मात्र तो काही महिन्यांत पिवळा पडून कुरकुरीत होतो. जपून ठेवायचे चित्र त्यावर काढू नये.

पेन्सिलीवरची अक्षरेही समजून घ्यावीत. पेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण भाजून ती कांडी होते. ही रीत फ्रान्सच्या कोंते याने १७९५ मध्ये शोधली. माती जास्त तर कांडी कठीण, ती एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. शाळेतली एचबी मधली. माणूस काढायला २बी आणि ६बी एवढ्या दोन पुरेत. आणि यातले काहीच नसेल तर बॉलपेन आहेच. बॉलपेनची रेघ खोडता येत नाही, म्हणून हात काढण्याआधी डोळा दोनदा पाहतो. पाट्यांचे पेंटर तर चहाच्या उरलेल्या पाण्यात बोट बुडवून सावल्या भरतात आणि त्या सुंदर दिसतात.

असो. आता मुख्य मुद्द्यावर येतो.

आमच्या माडीवर माणशी शंभर रुपये वर्गणी होती. हॉलचे भाडे ६०० रुपये आणि चहा दहा रुपये कप. रीत अशी, की आधी भाडे द्यायचे, मग चहाचे आणि उरेल ते मावशींना. सभा भरलेली असली, चौदा जण आले, तर १४०० रुपयांतून भाडे आणि मावशींसह पंधरा कपांचे १५० वजा जाऊन मावशींच्या हाती ६५० यायचे. एका पावसाळी रविवारी गाड्या उशिरा धावत होत्या. आठच जण पोहोचले. ८०० मधून ६०० भाडे, नऊ चहांचे ९० आणि मावशींच्या हातात ११० रुपये. तीन तास तेच, मानेची कळ तीच, आणि मजुरी सहावा हिस्सा. मावशींनी पैसे पदराला बांधले आणि काही न बोलता जिना उतरल्या.

पुढच्या बैठकीला मी उभा राहिलो. म्हटले, ज्या हॉलमालकाने आपल्याला पाहिलेही नाही, त्याचे भाडे पाऊस असो की ऊन, ठरलेले. आणि जिच्यामुळे आपण इथे जमतो तिची मजुरी मात्र उरलीसुरली? हिशेबाच्या वहीत हे चालणार नाही. भरल्या दिवशीचा दर, ६५० रुपये, हाच तिचा दर आणि तो पहिल्या ओळीत लिहायचा. कुजबुज झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही इथे हौसेने येतो, कंपनी चालवत नाही." नर्सिंगची मुलगी हळूच म्हणाली, "काका, मला शंभरच जड जातात." तिचेही खरे होते. म्हणून हिशेब फळ्यावर मांडला. आठ जण आले त्या दिवसाचा खर्च ६०० अधिक ६५० अधिक ९०, म्हणजे १३४० रुपये. आठांत तीन विद्यार्थी, त्यांचे शंभर कायम, म्हणजे ३००. उरले १०४०, ते पाच कमावत्यांत प्रत्येकी २०८. रविवारी दोनशे आठ रुपये आपल्याला परवडतात की नाही, एवढाच प्रश्न. कंडक्टरसाहेबांनी पहिला हात वर केला. बँकेतल्या बाईंनी दुसरा. हौसेचे गृहस्थ दोन बैठका आले नाहीत, तिसऱ्या बैठकीला आले आणि मुकाट पैसे दिले.

त्याच दिवशी आणखी तीन गोष्टी ठरल्या. वीस मिनिटांच्या प्रत्येक बैठकीनंतर पाच मिनिटे विश्रांती. विचारल्याशिवाय कोणी मोबाईलवर फोटो काढायचा नाही. आणि शेवटी सगळी चित्रे भिंतीला लावून आधी मावशींना दाखवायची. पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्या बराच वेळ एका चित्रापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझे हात एवढे मोठे हायेत?" पेंटर म्हणाले, "आहेत मावशी. मी मोजून काढलेत." मावशींनी ते चित्र मागून घेतले.

आमची धाकटी नववीला. तिला माझ्यासोबत यायचे होते. सौ. तयार नव्हत्या. चाळीत काय म्हणतील, ही एक काळजी आणि मुलगी कशात पडते आहे हे आपल्याला माहीत नाही, ही दुसरी. दुसरी काळजी रास्त होती. मी म्हटले, तुम्ही स्वतः येऊन पाहा आणि ठरवा. त्या रविवारी नेमक्या मावशी तापाने आल्या नव्हत्या. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सौ. म्हणाल्या, "बसायचंच आहे ना? मी बसते." आणि बसल्या. धाकटीने आईचे चित्र काढले. चित्रात डावा खांदा उजव्यापेक्षा बराच खाली आलेला. मला वाटले माप चुकले, म्हणून पेन्सिल धरून मी मोजले. माप बरोबर होते. घरी आल्यावर सौं.ना विचारले. त्या म्हणाल्या, "नळ घरात येईपर्यंत पंधरा वर्षं पाण्याचे हंडे त्याच बाजूला धरले. तुम्ही आत्ता पाहिलंत?"

त्यांची मजुरीही वहीत पहिल्या ओळीत लिहिली गेली, ६५० रुपये. त्यांनी त्यातून धाकटीला चित्रकलेची मोठी वही घेतली. आता धाकटी येते. चाळीत कोणी विचारले तर सौ.च उत्तर देतात.

वाचकहो, आपल्या वस्तीतही हे होऊ शकते. समाजमंदिर रविवारी सकाळी दोन तास मोकळे असते. खाकी कागद, कोळसा, खडू, दोन पेन्सिली एवढे सामान शंभर-दीडशे रुपयांत होते. आपल्यातलेच एकेक माणूस समोर बसवा: हमाल, शिंपी, आजी, अंगणवाडीच्या ताई. जो बसेल त्याचा मोबदला आधी ठरवा आणि आधी द्या. पैसे नसतील तर त्याचे चित्र त्याला द्या. मुलींना बाजूला ठेवू नका आणि आयांना दारात उभे करू नका, आत बोलवा.

ज्यांची मुले सातवी-आठवीला आहेत त्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची चौकशी जरूर करावी. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुणांची तरतूद आहे. अर्जाची तारीख शाळेच्या फळ्यावर लागते आणि निघूनही जाते, म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांना आधीच विचारून ठेवावे.

पुढच्या लेखात दहावी-बारावीनंतरच्या कलाशिक्षणाचे मार्ग, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांना लागणारे दाखले यांची माहिती देईन. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला तोवर काढून ठेवा; तहसील कचेरीची रांग जूनमध्ये लांब असते.